चोचीच्या टोकापासून डोळ्यापर्यंत

या खेपेला ठरवून फक्त चेहरे टिपायचे होते. उडणारे थवे नकोत, मावळतीच्या पाण्यावरच्या काळ्या आकृत्या नकोत. पाणपक्ष्याचा डोळा, चोचीचं मूळ, कानाजवळची बारीक पिसं, पाण्यातून डोकं वर काढल्यावर गालावर राहिलेले थेंब, एवढंच. अशा फोटोसाठी जवळ जावं लागतं, आणि पाणपक्ष्याच्या जवळ जाता येत नाही. त्याला जवळ येऊ द्यावं लागतं. आमची सगळी आखणी या एका गोष्टीवर बेतलेली होती.

जागेचं नाव मी लिहीत नाही. जिथले पक्षी अजून माणसाला फारसे घाबरत नाहीत, अशा जागेचं नाव फुटलं की काठावर माणसांची आणि लेन्सची गर्दी व्हायला वेळ लागत नाही. तळं उथळ आहे, एका अंगाला पाणकणसाची दाटी आहे आणि विणीचा हंगाम तोंडावर आला होता, इतकं पुरे. सोबत काका होते. नात्यानं ते माझे कुणी नाहीत, पण पक्षी पाहणारे आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो.

शनिवार

पोहोचलो तेव्हा दुपार उलटली होती. कॅमेरे पिशवीतच राहिले. पहिली संध्याकाळ दुर्बिणीची, हा काकांचा नियम आहे आणि तो मला मनापासून पटतो. कोण कुठे चरतं, कोण कुठे विसावतं, कुठून येतं आणि कुठे जातं, हे कळल्याशिवाय लेन्स काढण्यात अर्थ नसतो.

दाटीच्या दक्षिणेला चिखलाची एक अरुंद पट्टी पाण्यात शिरली होती. तिच्यावर पांढऱ्या शिटेचे डाग, गळून पडलेली पिसं आणि बगळ्याच्या लांब बोटांचे ताजे ठसे. म्हणजे ही रोजची बसायची जागा. पट्टीच्या पूर्वेला काठ किंचित उंच होता आणि त्यावर झुडपं होती. तिथं हाइड, म्हणजे लपून बसायचा तंबू, लावला तर सकाळचा सूर्य आमच्या पाठीशी येणार होता. वारा उत्तरेकडून होता. पाणपक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, मागून वारा आला तर त्यांची पिसं विस्कटतात. म्हणजे सकाळी चेहरा बाजूनं मिळणार. मला नेमका तोच कोन हवा होता. का, ते पुढे सांगते.

हाइड लावण्याआधी काकांनी बराच वेळ झुडपं आणि दाटीची कड दुर्बिणीतून पाहिली. कुणी काडी घेऊन ये-जा करतंय का, एकाच जागी पुन्हा पुन्हा उतरतंय का, हे त्यांना पाहायचं होतं. तसं काही दिसलं नाही. पट्टी रिकामी झाल्यावर आम्ही मातकट रंगाचा एक माणूस मावेल एवढा तंबू उभा केला आणि सगळ्या सैल कडा दगडांनी दाबून टाकल्या. पक्ष्याला स्थिर कापडाची सवय लवकर होते, फडफडणाऱ्या कापडाची होत नाही. तंबू रात्रभर तसाच ठेवला, म्हणजे उजाडेल तेव्हा तो काठाचाच भाग वाटावा.

रविवार

अंधारातच निघालो. तंबूपर्यंत दोघं गेलो, मी आत शिरले आणि काका परत गेले, मुद्दाम उघड्यावरून, सगळ्यांना दिसेल असे. दोन आले आणि एक गेला, हा हिशोब पक्षी सहसा करत नाहीत. जाणारा दिसला की त्यांना काठ मोकळा वाटतो. ही युक्ती जुनी आहे. लपून फोटो काढण्याची धडपड तर त्याहून जुनी. रिचर्ड आणि चेरी कर्टन या इंग्लंडमधल्या भावांनी १९०० साली बैलाच्या पोकळ कातड्यात शिरून पक्ष्यांचे फोटो काढले होते. छायाचित्रकार एमा टर्नर यांनी १९११ मध्ये इंग्लंडमधल्याच नॉर्फोकच्या बोरूच्या दाटीत एका जातीच्या बगळ्याचं पिल्लू टिपलं. तो पक्षी ब्रिटनमधून वीण करणारा म्हणून नाहीसा झाला होता आणि तो परतल्याचा पुरावा त्या फोटोनं दिला. त्या काळचे जड कॅमेरे आणि काचेच्या प्लेटा डोळ्यांसमोर आणल्या की आपल्या हातातली साधनं किती सोयीची आहेत ते जाणवतं.

उजाडायच्या आधी नुसते आवाज होते. पहिले दिसले चांदवे. कोळशासारखं काळं अंग आणि कपाळावर चोचीपासून वर गेलेली पांढरी ढाल. दुरून तो पांढरा ठिपका वाटतो. जवळून ती गुळगुळीत, जराशी फुगीर दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना लालबुंद डोळा असतो. काळं आणि पांढरं एका चौकटीत असल्यामुळे उजेडाचा अंदाज कठीण. मी ढालीवरचा तपशील राखला आणि काळी पिसं थोडी अंधारात जाऊ दिली. अंधारातून नंतर थोडंफार काढता येतं. पांढरं एकदा जळलं की तिथं काहीच उरत नाही.

सूर्य वर आला आणि राखी बगळा उतरला. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, बराच लांब. मान उंच, ताठ, नजर थेट तंबूवर. अशा वेळी लेन्स तसूभरही हलवायची नाही. मान ताठ म्हणजे संशय. त्यानंतर तो दोन पावलं मागे सरकला किंवा शिटला, तर उडायच्या बेतात आहे असं समजायचं. यानं तसं केलं नाही. मान हळूहळू खाली आली, खांद्यात मुरली. मग एक पाऊल, मोठी विश्रांती, पुन्हा एक पाऊल. मध्येच त्यानं पंखाखालची पिसं साफ केली. पक्ष्यानं पिसं साफ करायला घेतली की मला फार बरं वाटतं, कारण धोका वाटत असलेला पक्षी सहसा अंग साफ करत बसत नाही.

चालत चालत तो अंदाजे ६ मीटरवर येऊन थांबला. ६०० मिमीच्या लेन्समधून इतक्या अंतरावर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या चौकटीत जेमतेम ३६ सेंटिमीटर रुंदीची जागा मावते. बगळ्याचं डोकं, चोच आणि मानेचा वरचा बाक, बस. आता कोनाबद्दल. या अंतरावर लेन्सचं छिद्र एफ/४ एवढं मोठं ठेवलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा अडीच सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. ते लहान करून एफ/८ केलं तरी पाच सेंटिमीटरच्या आतच. राखी बगळ्याची चोच साधारण १२ सेंटिमीटर. तो कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असेल तर चोचीचं टोक आणि डोळा एकाच वेळी स्पष्ट येणं शक्यच नाही. मग डोळा पकडायचा आणि चोच धूसर होऊ द्यायची. पण तो पुरता बाजूला वळला की चोच, डोळा आणि डोक्यामागचा काळा तुरा एकाच प्रतलात येतात आणि टोकापासून टोकापर्यंत सगळं उमटतं. उत्तरेच्या वाऱ्यानं त्याला नेमका तसा उभा केला होता.

विणीचा हंगाम जवळ आला की या बगळ्याची पिवळी चोच नारिंगी-गुलाबी होत जाते. याच्या चोचीच्या मुळाशी तो रंग चढू लागला होता आणि टोकाकडे अजून पिवळाच होता. दुर्बिणीतून हे मला कधी दिसलं नव्हतं. डोळ्याची गंमत आणखी वेगळी. बगळ्याचे डोळे असे बसवलेले असतात की समोर पाहता पाहताच त्याला चोचीखालचं पाणीही दिसतं. डोकं स्थिर ठेवून त्यानं बुबुळं खाली वळवली तेव्हा चेहऱ्याचा भावच पालटला. दोन्ही क्षण मी टिपले आणि दुसरा मला जास्त आवडतो, कारण त्यात तो काय करतोय ते कळतं.

शटरचा आवाज बंद ठेवला होता. सहा मीटरवर यांत्रिक शटरची खटखट पुरेशी असते; पक्षी उडाला नाही तरी त्याची मान वर येते आणि मनात जुळवलेलं चित्र मोडतं. बरेच फोटो तरीही वाया जाणार हे धरूनच चालायचं, कारण पारदर्शक पापणी. पक्ष्यांना ही तिसरी पापणी असते. ती आतल्या कोपऱ्यातून आडवी सरकते आणि इतकी झटकन मिटते की नजरेला कळतही नाही. फोटोत मात्र डोळ्यावर दुधी-निळसर पडदा येतो. म्हणून चेहरा टिपताना एकेक फोटो न काढता लहान लहान झुबक्यांनी काढते.

बगळा त्याला हवं तेव्हा गेला, संथपणे चालत. त्यानंतर एक टिबुकली, बुडी मारणारा छोटा पाणपक्षी, तंबूसमोर इतक्या जवळ उगवली की लेन्सनं फोकस घ्यायलाच नकार दिला. या मोठ्या लेन्सना चार-साडेचार मीटरच्या आत दिसत नाही. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे एक पोकळ नळी, बसवली तर ते अंतर कमी होतं, पण मग दूरचं धूसर होतं, आणि ती बसवायला हालचाल करावी लागते. मी हात मांडीवर ठेवून नुसती पाहत राहिले. तिची पाठ कोरडी होती, पाणी थेंबाथेंबानं ओघळून जात होतं.

ऊन तापलं तशी चिखलावरची हवा थरथरायला लागली. दूरच्या पक्ष्याच्या कडा विरघळून जातात त्या यामुळे. कितीही महाग लेन्स लावली तरी उपयोग होत नाही. जवळच्या फोटोला हा त्रास कमी होतो, कारण मधे हवाच थोडी असते. पण ती वेळ पक्ष्यांच्याही विसाव्याची. काका उघड्यावरून चालत आले, उरलेले पक्षी आपोआप दूर सरकले, मग मी बाहेर पडले. तंबूतून अचानक माणूस निघालेला त्यांना दिसता कामा नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो तंबू त्यांच्यासाठी शत्रू होतो.

"काय गं, आला का जवळ?" काकांनी विचारलं. मी स्क्रीनवर बगळा दाखवला. ते फोटोकडे कमी आणि मानेकडे जास्त वेळ पाहत होते. "मान सैल आहे," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

सोमवार

दिवसभर ढग. कोवळं ऊन नाही म्हणून हळहळणारे पुष्कळ असतात, पण चेहऱ्यासाठी मला हा उजेड जास्त भावतो. डोळ्याखाली काळी सावली पडत नाही आणि पिसांचा पोत सगळीकडे सारखा दिसतो. डोळ्यात ढगाळ आभाळाचा मोठा, मऊ उजेड उतरतो.

मोठा पाणकावळा पट्टीवर येऊन पंख पसरून उभा राहिला. त्याच्या पिसांचा बाहेरचा भाग भिजतो. त्यामुळे पिसांत अडकलेली हवा निघून जाते आणि बुडी मारणं सोपं होतं. नंतर मात्र पंख वाळवावे लागतात. सगळे त्याचा हा पसरलेला अवतारच टिपतात. मी नुसतं डोकं टिपलं. हिरव्या काचेच्या मण्यासारखा डोळा, चोचीचं आकडीसारखं टोक, गळ्याची पिवळसर उघडी कातडी. आणि एक गोष्ट जी लांबून कुणाला सुचणारही नाही: चोचीवर नाकपुड्या शोधल्या तर सापडत नाहीत. प्रौढ पाणकावळ्याच्या बाहेरच्या नाकपुड्या बुजलेल्या असतात, तो तोंडानं श्वास घेतो. उकाड्यात गळ्याची कातडी थरथरवून तो अंग गार ठेवतो. त्या क्षणी शटर संथ असेल तर डोळा स्पष्ट आणि गळा पुसट येतो, म्हणून मी १/१००० सेकंदापेक्षा संथ शटर ठेवलं नाही.

संध्याकाळी लहान बगळा. पांढऱ्या पक्ष्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. गडद पाण्यावर तो छोटा दिसत असतो तेव्हा कॅमेरा पाणी मोजतो, चित्र उजळ करतो आणि पक्षी जळतो. म्हणून उजेड कमी करावा लागतो. तोच पक्षी जवळ येऊन चौकट भरून टाकतो तेव्हा उलटं होतं. कॅमेरा पांढऱ्यालाच राखाडी करायला बघतो आणि उजेड वाढवावा लागतो. पक्षी चालत चालत जवळ येत असेल तर हे मधेच पालटतं. म्हणून मी एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं प्रमाण, हातानं पक्कं केलं आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, नजर ठेवली. पक्षी मोठा झाला काय नि लहान, त्याच्यावर पडणारा उजेड तेवढाच असतो.

मंगळवार

पाण्याच्या पातळीवरून चेहरे हवे होते. तंबूतल्या स्टुलावरून लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या वर राहते आणि फोटोत आपण वरून पाहतोय हे कळतं. लेन्स पाण्यालगत आणली की पक्षी आपल्या उंचीचा होतो आणि मागचं सगळं लांब जाऊन एकाच रंगाचं होतं. म्हणून तळ्याच्या दुसऱ्या काठाला, अंगावर जाळी घेऊन, चिखलावर पालथी पडले. लेन्सखाली टेकू म्हणून बीन बॅग, दाण्यांनी भरलेली पिशवी. काका मागे उंचवट्यावर दुर्बीण घेऊन बसले होते.

सुरुवात सुंदर झाली. शेकाट्या म्हणजे गुलाबी काड्यांवर चालणारा पक्षी, अंगाच्या मानानं त्याच्याइतके लांब पाय फार थोड्या पक्ष्यांना असतात. पण पायांकडे न पाहता फक्त डोकं घेतलं तर वेगळाच पक्षी समोर येतो: सुईसारखी सरळ काळी चोच आणि गडद लाल डोळा. पाण्यालगतच्या लेन्समधून त्याची चोच आणि तिचं प्रतिबिंब एकमेकांना टेकत होतं.

मग आवाज पालटला. एक शेकाट्या डोक्यावरून किंचाळत गेला, मागोमाग दुसरा. एक जण समोरच्या चिखलावर पंख लोंबकळत ठेवून, जखमी असल्यासारखा फडफडू लागला. मागून काकांचा दबका आवाज आला.

"ऊठ. त्यांनी इथं घर धरलंय. आलीस त्याच वाटेनं परत ये, पावलावर पाऊल ठेवून."

शेकाट्या उघड्या चिखलावर, पाण्याच्या कडेला अंडी घालतो. अंडी मातकट, काळ्या ठिपक्यांची असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. शिवाय पक्षी उठून गेला की अंडी उन्हात तापतात. एवढ्या उन्हात ते थोड्या वेळातही जिवावर बेतू शकतं. मी माझ्याच ठशांवर पाय ठेवत मागे आले. बऱ्याच लांब गेल्यावर दोघं वळून पाहत बसलो. एक शेकाट्या उतरला, इकडेतिकडे चालला आणि मग पाय दुमडून खाली बसला. तेव्हा कुठे काकांनी दुर्बीण खाली ठेवली.

तो काठ आम्ही सोडला तो सोडलाच. जखमी असल्याचं सोंग करणाऱ्या पक्ष्याचे फोटो फार नाट्यमय येतात आणि पाहणाऱ्यांना आवडतातही. पण तो त्या क्षणी अंडी वाचवायला धडपडत असतो. तसा फोटो दिसला की माझ्या मनात आधी येतं, फोटो काढणारा तिथं किती वेळ थांबला असेल?

बुधवार

सकाळी पुन्हा तंबू. जांभळी पाणकोंबडी दाटीच्या कडेला आली, लाल पायात पाणकणसाचा देठ धरून सोलत बसली, पण चेहऱ्यासमोर सतत पानं. एकही फोटो ठेवण्याजोगा नाही. छोटा खंड्या एकदा काडीवर टेकला आणि गेला. त्याची निळाई पिसांमधल्या रंगद्रव्यानं येत नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेत उजेड विखुरतो म्हणून दिसते. त्यामुळे कोन बदलला की ती हिरव्याकडे झुकते. इतकं पाहायला तो थांबला नाही.

संध्याकाळ मात्र रातबगळ्यांची. दिवसभर झाडात मुटकुळं करून बसलेले हे पक्षी तिन्हीसांजेला पाण्यावर उतरतात. फ्लॅश वापरायचा नाही हे आधीच ठरलेलं होतं. अंधारात शिकार करणाऱ्या डोळ्यांवर प्रकाशाचा झोत मारून मिळवलेला चेहरा मला नको. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० वर नेला आणि फोटोत येणारे दाणे पत्करले. पक्षी स्थिर उभा असल्यामुळे शटर १/१२५ पर्यंत उतरवता आलं. लेन्सची पोहोच वाढवणारा १.४ चा टेलिकन्व्हर्टर काढून टाकला, तो एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खातो आणि त्या वेळी तेवढाही परवडत नव्हता.

प्रौढ रातबगळ्याचा डोळा लाल, अंगावर करडा-काळा नीटस रंग आणि डोक्यामागून निघालेली लांब पांढरी पिसं. त्याच्या शेजारी मागल्या हंगामातलं पिल्लू, तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचं, पिवळट-नारिंगी डोळ्यांचं. एकाच जातीचे हे दोन चेहरे एकमेकांशेजारी ठेवले तर नवख्याला विश्वास बसणार नाही. दोघांची जोडी छापायची, हे तिथंच ठरवलं.

गुरुवार

दुपारी पट्टी रिकामी असताना तंबू काढला. दगड जागच्या जागी ठेवले, खुंट्यांची भोकं बुजवली. झाडाखाली बसून काकांबरोबर फोटो चाळले. ते फोकस, रंग वगैरे काही विचारत नाहीत. मान ताठ आणि पिसं अंगाशी घट्ट चिकटलेली दिसली की म्हणतात, "हा घाबरलाय." असे मोजकेच निघाले, बहुतेक उतरल्या उतरल्या काढलेले. तांत्रिकदृष्ट्या त्यातले दोन-तीन उत्तम होते. तेही काढून टाकले. चेहऱ्याच्या फोटोत दुसरं काहीच नसतं; भीती असेल तर तीच सगळी चौकट भरते.

राहून गेलं ते टिबुकलीचं. तिच्यासाठी तरंगता हाइड हवा: घोड्याच्या नालेच्या आकाराचा तराफा, वर कापडाचा घुमट, आणि आत आपण छातीभर पाण्यात चालत लेन्स पाण्याच्या चार बोटं वर धरायची. त्याआधी तळाचा गाळ काठीनं तपासून ठेवावा लागतो, कारण गाळात पाय रुतला तर लेन्स सोडा, माणूस धोक्यात. काका ते काम करायला तयार आहेत. पण टिबुकल्या आणि चांदव्यांची घरटी पाण्यातच, पाणकणसाच्या आधारानं तरंगत असतात. तराफ्याची एक लाटही त्यांना जड जाईल. तेव्हा पिल्लं स्वतःची बुडी स्वतः मारायला लागेपर्यंत तराफा पाण्यात उतरणार नाही. तोवर मी एक्स्टेन्शन ट्यूब न पाहता, हाताच्या अंदाजानं बसवायचा सराव करणार आहे.